डावीकडे, चार बोटं खाली

कानस विकत घ्यायला सरकारनं परवाना लावला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदूक काय, कुणीही घ्यावी. आमच्या या केंटकीच्या डोंगरात पाळण्यातल्या पोराच्या नावावरही एखादी असते. पण कानस? चाळीस वर्षं मी बंदुका दुरुस्त करतेय, आधी वडिलांच्या हाताखाली, मग एकटी. दहा बंदुका आल्या तर त्यातल्या सहा मुळात धडधाकट असतात. कुणीतरी बाप्या रविवारी चर्चमधून येतो, पोटभर जेवतो, हात शिवशिवायला लागतात, आणि घेतो कानस हातात. सोमवारी स्वारी माझ्या दारात. "रोवेना, हिला काय झालंय बघ गं जरा. मी काही केलेलं नाही हां."

केलेलं नाही म्हणे!

त्या मंगळवारी एस्टिल स्लोन आला तो असाच. सहा फूट तीन इंच उंची, सहासष्ट वय, आणि नोव्हेंबरातल्या, टर्की पक्षी बक्षीस असलेल्या नेमबाजीत आठ वेळा पहिला आलेला. आमच्या भागात त्याला बंदुकीतलं सगळं कळतं, असं सगळे म्हणतात, आणि सगळ्यांत जास्त वेळा तो स्वतः म्हणतो. त्याच्या मागून त्याची मुलगी केंड्रा आली, जरा लंगडत.

केंड्रा अडतीस वर्षांची. गॅस कंपनीच्या विहिरी बघते. म्हणजे रोज सकाळी गाडी काढायची, एकेका खोऱ्यात वर जायचं, मीटर वाचायचे, टाक्यांतलं पाणी सोडायचं. अशा बत्तीस विहिरी. दिवसभर माणूस दिसत नाही. ऑक्टोबरात सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या टोळीनं तिला तिथं गाठलं आणि पोटरी फाडली. एकोणीस टाके पडले. आता सहा आठवडे घरी बसून ती सोमवारी कामावर परत जाणार होती.

एस्टिलनं छोटंसं रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलावर ठेवलं. पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, कोटाच्या खिशात मावेल असं.

"दोष आहे ह्यात," तो म्हणाला. "दर वेळी डावीकडे, चार बोटं खाली मारतं."

"कुणाच्या हातात?"

"केंड्राच्या. पण पोरीला मी शिकवलंय, तिच्यात काय दोष असणार?"

केंड्रा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"आणि सोमवारपर्यंत हे सरळ मारायला लागलं नाही," एस्टिल पुढं म्हणाला, "तर मी हिच्याबरोबर गाडीत जाणार. रोज. मॉसशी बोललोय मी." मॉस म्हणजे केंड्राचा साहेब आणि एस्टिलचा मासेमारीतला जोडीदार. "तो म्हणाला, एस्टिल हो म्हणेल तरच ती एकटी जाईल. शनिवारी माझ्या डोळ्यांसमोर पाचातल्या तीन गोळ्या कागदी ताटलीत मारून दाखवायच्या. वीस फुटांवरून. सोपं आहे."

"डॅडी," केंड्रा म्हणाली, "मी बारा वर्षं एकटी जातेय."

"बारा वर्षं कुत्री नव्हती."

"तुम्ही गाडीत बसलात तर मी कुत्र्यांकडे राहायला जाईन."

एस्टिल हसला. त्याला वाटलं ती गंमत करतेय. मी तिचा चेहरा बघितला, ती अजिबात गंमत करत नव्हती. त्या बाईला ते डोंगर, ती गाडी आणि ती शांतता हवी होती. एस्टिल एकदा गाडीत बसला की त्याला खाली उतरवायला क्रेन लागते, हे मला माहीत होतं.

ते गेले आणि मी रिव्हॉल्व्हर उघडलं. अरे देवा!

पहिली गोष्ट, नळीच्या टोकावरचं नेम धरायचं पातं. घासलेलं! चांगलं मिलिमीटरभर. गोळी खाली जाते ना, मग पातं कमी केलं की ती वर जाईल, असा शहाण्याचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, फक्त गोळी खाली का जाते हे आधी कुणी विचारायचं? दुसरी गोष्ट, नळीत शिसं चिकटलेलं, इतकं की आतल्या खाचा दिसेनात. म्हणजे हा गृहस्थ गाडीच्या चाकांना तोलासाठी लावतात ते जुनं शिसं मक्याचा पाव भाजायच्या तव्यात वितळवून घरी गोळ्या ओततो. तिसरी गोष्ट, आतली स्प्रिंग. चाप जड लागतो म्हणून दोन वेढे कापून टाकलेले. त्यामुळे पाचातली एखादी गोळी उडतच नसणार, नुसता 'टिक' आवाज. कुत्रं अंगावर आलंय आणि हातात 'टिक'! मी एकटीच दुकानात मोठमोठ्यानं बोलत होते. शेजारच्या खुर्चीतलं मांजर उठून गेलं.

मी एस्टिलला फोन लावला.

"कानस लावलीस?"

"थोडीशी."

"स्प्रिंग कापलीस?"

"ती जरा लांबच होती."

"आणि शिसं?"

"रोवेना, माझे वडील पण असंच..."

मी फोन ठेवून दिला.

बुधवारचा अख्खा दिवस त्यातच गेला. तारेच्या ब्रशनं नळी घासून शिसं काढलं, चिंधीवर चंदेरी पापुद्रे निघत होते. नवी स्प्रिंग घातली. खिळी ठोकून नवं पातं बसवलं. गोळ्यांच्या चक्रीची पाचही घरं नळीसमोर नीट येतात का ते बघितलं. एखादं घर वाकडं असेल तर एकच गोळी भरकटते आणि बाकीच्या सरळ जातात, म्हणून प्रत्येक घरावर खडूनं आकडा घातला आणि प्रत्येकासाठी वेगळी कागदी ताटली लावली. दुकानामागं मातीचा उंच बांध आहे, तिथं वाळूच्या पिशवीवर हात टेकून मी गोळ्या मारल्या. पाची घरं सरळ. सगळ्या भोकांवर मिळून कॉफीची बशी झाकता आली असती. त्या एवढ्याशा रिव्हॉल्व्हरकडून याहून जास्त मागणं हा लोभ झाला.

गुरुवारी दोघं आली. केंड्रा वीस फुटांवर उभी राहिली. एस्टिल तिच्या मागं उभा राहिला, अगदी मागं, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"खांदे सोड. अगं, सोड म्हणजे पाड नव्हे. श्वास घे. चाप हळू दाबायचा, खेचायचा नाही. घाबरू नकोस. हं, आता."

धाड. डावीकडे, आणि चार बोटं कुठली, चांगली सहा बोटं खाली. ताटलीच्या बाहेर, मातीत.

"बघ!" एस्टिल माझ्याकडे वळला. "तू आणखी बिघडवलंस! माझी कानस होती तेव्हा चारच बोटं होती."

आता याला काय बोलायचं, सांगा. चूक अशी लपवली होती यानं, की मी बंदूक सरळ केल्यावर ती अख्खी बाहेर आली, आणि खापर माझ्या डोक्यावर!

"एस्टिल," मी म्हटलं, "मला पितळी ब्रश हवाय. लहान. हार्डवेअरच्या दुकानातून आण."

"तुझ्याकडे नाही?"

"असता तर मागितला असता का?"

माझ्याकडे अकरा होते. तो गेला. जाऊन यायला पाऊण तास लागतो.

"मार," मी केंड्राला म्हटलं.

तिनं पाच मारल्या. चार ताटलीत, एक कडेला चाटून गेली. आम्ही दोघी त्या ताटलीकडे बघत राहिलो.

"परत मार."

पाचच्या पाच आत! मी नवी ताटली लावली, तिच्यातही चार. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, असं लपूनछपून. तेवढ्यात रस्त्यावरच्या खडीत एस्टिलच्या गाडीची चाकं वाजली. तो विसरला होता काहीतरी, पाकीट की काय. गाडी अजून दिसतही नव्हती. केंड्राचा उजवा खांदा वर चढत चढत कानाला लागला. धाड. डावीकडे, खाली, मातीत.

चाळीस वर्षांत मी नळ्या बघितल्या, चक्र्या बघितल्या, पाती बघितली. पाकीट विसरून परत येणारा दोष पहिल्यांदा बघितला.

त्याला पाकिटासकट पुन्हा वाटेला लावलं आणि मी केंड्राला सरळ विचारलं.  मग तिनं कपाळावरचे केस बाजूला केले. केसांच्या मुळाशी बोटभर लांब पांढरी रेघ होती.

"मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली. "डेकोरेशन डे होता. कबरी झाडून झाल्यावर सगळे आमच्या कुरणात जेवायला आले होते. मग पुरुषांनी नेम धरायला रिकामे डबे मांडले. डॅडींनी मला त्यांचं मोठं रिव्हॉल्व्हर दिलं आणि त्यात हरणाच्या शिकारीचं जड काडतूस घातलं. मला सांगितलं नाही. मागं उभे राहिले आणि म्हणाले, घाबरू नकोस. हं, आता."

"आणि ते उसळून कपाळावर बसलं."

"हो. दर थँक्सगिव्हिंगला ती गोष्ट सांगतात. मी कशी उताणी पडले, टोपी कुठं उडाली. सगळे हसतात. मीही हसते, मिस रोवेना. काय करणार?"

आमच्याकडे ही रीतच आहे. नवख्याच्या हातात पहिल्यांदा बंदूक द्यायची ती सगळ्यांत जड काडतूस घालून, आणि तो पडला की हसायचं. पोरगा असो, जावई असो, नवा पाद्री असो. पडून उठलं की माणूस आपल्यातला झाला. मी रिकामी काडतुसं वेचायला खाली वाकले.

"त्यांना सांगू नका," केंड्रा म्हणाली. "त्यांना वाटतं ती आमची लाडकी आठवण आहे."

न सांगून चालणार कसं? परीक्षा तोच घेणार, तो मागं उभा राहणार, आणि तो मागं असला की हिची गोळी मातीत. पण तिनं नको म्हटलं होतं, म्हणून गप्प बसले. गप्प बसायची सवय नाही मला. शुक्रवारभर माझं डोकं दुखत होतं.

शनिवारी दहाला एस्टिल आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. जणू बक्षीस समारंभच. केंड्रा उभी राहिली. तो मागं उभा राहिला.

"डॅडी, जरा लांब उभे राहा ना."

"लांबून दिसत नाही मला. खांदे सोड. अगं, ढिले. घाबरू नकोस..."

एक, मातीत. दोन, मातीत. तिसरी ताटलीच्या कडेला लागली आणि कागदाचा टवका उडाला. केंड्रानं रिव्हॉल्व्हर खाली केलं. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग येत होता.

"जाऊ दे बेटा," एस्टिल मायेनं म्हणाला. खरंच मायेनं म्हणाला, तेच तर दुखणं! "मी येईन ना बरोबर. डबा घेऊन येईन दोघांचा. मजा येईल."

झालं, माझं टाळकं सरकलं.

"दे इकडं ते," मी केंड्राच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं. "एस्टिल, आता तू मार."

"मी? मी कशाला? माझी परीक्षा आहे का?"

"बंदुकीत दोष आहे म्हणालास ना? आठ टर्क्या जिंकलेल्या माणसानं मारून दाखवलं की कळेल दोष कुठं आहे. की भीती वाटते?"

भीती म्हटल्यावर आमच्याकडचा पुरुष विहिरीतही उडी मारतो. त्यानं बाह्या सारल्या. मी त्याच्याकडे पाठ केली आणि काडतुसं भरली. तीन खरी, आणि मधेमधे दोन खोटी, आत दारू नसलेली. कुठलं कुठल्या घरात हे त्याला कळायचं कारण नव्हतं. मग केंड्राला म्हटलं, "ताटलीकडे बघू नकोस. नळीच्या टोकाकडे बघ."

धाड. गोळी मधोमध. एस्टिलनं मान वळवून आमच्याकडे बघितलं, बघा, अशा थाटात.

पुढचा चाप त्यानं दाबला. टिक.

गोळी उडाली नाही, त्यामुळे लपायला धूर नव्हता की धक्का नव्हता. नळीचं टोक झपकन खाली गेलं. डावीकडे. डोळेही मिटले होते त्याचे, दोन्ही.

 त्यानं घाईघाईत पुन्हा चाप दाबला, झालेलं पुसून टाकायला. टिक. पुन्हा तेच, आणि या वेळी तर गुडघाही वाकला.

केंड्राला हसू फुटलं. ती तोंडावर हात धरत होती, पण ते बोटांतून बाहेर येत होतं.

"डावीकडे," मी म्हटलं, "आणि चार बोटं खाली. लांब बंदुकीत हे दचकणं लपतं रे, एस्टिल. तिथं खांद्याचा आधार असतो. ह्या एवढ्याशा खेळण्यात काही लपत नाही."

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याचाच हात असावा तसा. मग हसायला लागला. "आमच्या डॅडींनी केलेलं हे," तो म्हणाला. "आठवं वर्ष मला. दुनळी दिली हातात आणि दोन्ही चाप एकदम ओढ म्हणाले. मी जो उडालो तो कुंपणात! तारा पाठीत घुसल्या. सगळे असे हसले, असे हसले..."

बोलता बोलता त्यानं मुलीकडे बघितलं. वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस उडत होते. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून मात्र गेलं. माणसाला एखादी गोष्ट कळताना बघणं फार अवघड असतं, मी बांधाकडे बघत उभी राहिले.

त्यानं रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसं काढली आणि ते तिच्या हातात दिलं.

"तू मार," तो म्हणाला. "मी गाडीत बसतो."

"आणि तुमची अट?"

"अट गेली खड्ड्यात."

तो गेला. गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं, काच वर गेल्याचंही. केंड्रानं पाच गोळ्या भरल्या, घाई न करता. पाची संपल्यावर गाडीची काच खाली आली.

"किती?" तिथूनच ओरडला.

"चार!"

तो बघायला आला नाही. त्यानं गाडी सुरू केली.

सोमवारी सातला केंड्राची गाडी माझ्या दुकानावरून गेली. आत ती एकटीच. साडेसातला एस्टिल हजर! काम काही नाही, हातात बंदूक नाही. खुर्चीतलं मांजर उठवून बसला तो बसलाच. दर दहा मिनिटांनी, "आता कुठं असेल गं?" मला काय माहीत! मी काय ढगांवर बसलेय? कॉफीची दोन भांडी संपवली, माझे स्क्रू ड्रायव्हर लहानमोठे लावून ठेवले, माझी कानस उचलली आणि माझ्या तोंडाकडे बघून परत ठेवली. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं की कुत्र्यांना बोलावून आणावं आणि याला त्यांच्या हवाली करावं.

दोन वाजता तो अचानक म्हणाला, "रोवेना, त्या दिवशी तूही होतीस ना कुरणात? बटाट्याचं सॅलड आणलं होतंस."

"होते."

"मला आठवत नाही नीट. म्हणजे टोपी उडाली ते आठवतं. ती रडली होती का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आठवडाभर सगळ्यांवर ओरडून झालं होतं. ह्याच्या कानशीवर, ह्याच्या शिशावर, ह्याच्या तोंडावर. आता आतून कुणीतरी माझ्यावरच ओरडत होतं.

"नाही रडली," मी म्हटलं. "उठून बसली आणि आपल्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघायला लागली. एकेकाकडे. भुवईवरून रक्त येत होतं. सगळे हसताहेत हे बघून मग तीही हसली."

"सगळे?"

"मी पण, एस्टिल. तेहेतीस वर्षांची घोडी, बंदुकांची दुरुस्ती करणारी. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलं काडतूस घातलंयस ते मला लांबूनही कळलं होतं. मी वाट बघत होते."

  कॉफी गार झाली.

सव्वातीनला गाडी दारात थांबली. केंड्रा चिखलाच्या बुटांनिशी आत आली आणि आम्हा दोघांकडे बघून दारातच थबकली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुत्री दिसली?" एस्टिलनं विचारलं.

"दिसली. नऊ नंबरच्या विहिरीपाशी, तीन होती. मी रिव्हॉल्व्हर काढून उभी राहिले. हात थरथरला नाही माझा. त्यांनी बघितलं, मी बघितलं, आणि ती गेली निघून." तिनं खांदे उडवले, अगदी ढिले. "कॉफी आहे का?"

एस्टिल उठला. टोपी काढली. एवढा मोठा माणूस माझ्या त्या बारक्या दुकानात कसं उभं राहावं ते त्याला कळेना.

"केंड्रा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी चुकलो. कपाळाचं. दुखलं असेल तुला."

"फार दुखलं, डॅडी."

"मी पण हसले होते," मी म्हटलं. आवाज माझा मलाच चिडका वाटला, पण दुसरा आवाज मला येत नाही.

"मला माहीत आहे, मिस रोवेना," केंड्रा म्हणाली. "मी सगळ्यांना बघितलं होतं."

मग तिनं बाजूला होऊन स्वतःच कॉफी ओतून घेतली, तोंडाला लावली आणि म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं लागली तुम्हाला. आणि ही कॉफी पण गार आहे."

मी उठले आणि नवीन करायला ठेवली.